पांढऱ्या चौकटीचा लॅपटॉप

नळदुर्गच्या बसस्टँडसमोर ज्या फोटो स्टुडिओत मी आज बसते, तो मुळात माझा नव्हे. तो काकांचा. काका म्हणजे नात्यानं माझे कुणी नव्हेत. गावातले जुने फोटोग्राफर, माझ्या वडिलांच्या वयाचे. लग्न होऊन मी नळदुर्गात आले तेव्हा माझा कॉम्प्युटरचा कोर्स झालेला होता आणि घरात बसून जीव आंबला होता. सासूबाईंनीच काकांकडं शब्द टाकला. लग्नाचे फोटो रोलवर राहिले नव्हते, अल्बम कॉम्प्युटरवर बनवावा लागे, आणि काकांचं त्या यंत्राशी जमत नव्हतं. त्यांना माणूस हवं होतं. मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागले.

कामाची वाटणी सरळ होती. फोटो काका काढायचे. मी त्यातले निवडायची, उजेड आणि रंग नीट करायची, पानं मांडायची आणि छपाईला सोलापूरच्या लॅबकडं पाठवायची. पहिली तीन-चार वर्षं मला उजेडाचं काही करावंच लागलं नाही. काका रोलच्या काळात शिकलेले. रोलमध्ये चूक झाली तर ती आठ दिवसांनी, धुऊन आल्यावर कळायची, म्हणून चूक होऊच द्यायची नाही अशी त्यांची सवय. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी ते स्वतःचा तळहात उजेडात धरायचे, क्षणभर बघायचे आणि कॅमेऱ्याचे आकडे लावायचे. मांडवाच्या लाल कापडाखाली असो, किल्ल्याच्या बुरुजावर भर दुपारी असो, त्यांचा फोटो जसा डोळ्याला दिसतो तसा यायचा. काळी माणसं काळी, गोरी गोरी, हळद हळदीच्या रंगाची. मी एकदा त्यांना विचारलं होतं, हे तळहातावर काय दिसतं म्हणून. ते म्हणाले, "दिसत काय न्हाय. सवय हाय."

माझा जुना लॅपटॉप काळा होता. जाड, जड, बिजागरी ढिली झालेली. एका लग्नसराईत तो मधेच बंद पडायला लागला तेव्हा काका म्हणाले, "नवीन घे. तुझं काम हाय, तूच निवड." मी आणि माझे मिस्टर सोलापूरला गेलो. दुकानात पाच-सहा मांडलेले होते. मला त्यातला पांढरा आवडला. वरचं झाकण पांढरं, बटणं पांढरी आणि स्क्रीनभोवतीची बोटभर रुंद चौकटसुद्धा पांढरी, चकचकीत. दुकानदारानं आतलं काय काय सांगितलं, ते मी ऐकलं, पण घेतला तो रंगासाठीच. स्टुडिओत आणून टेबलावर ठेवला, तेव्हा सगळा कोपरा उजळल्यासारखा वाटला. माझं टेबल दर्शनी काचेला लागून होतं. तिथं दिवसभर हायवेच्या बाजूनं ऊन यायचं. काका नुसते म्हणाले, "कळकट हुईल गं."

त्या लॅपटॉपवर पहिलं लग्न आलं ते बेंबळी गावचं. फोटो उघडले आणि मला सगळे दबलेले वाटले. चेहऱ्यांवर सावली, शालू मळका, मांडवाचे कोपरे तर काळेच. स्क्रीनचा उजेड पूर्ण वर नेला, तरी समाधान होईना. मग मी एकेक फोटो उजळत नेला. दोन दिवस तेच केलं. छापून आल्यावर फोटो जरा पांढुरके वाटले खरे, पण लॅबमध्ये कधी कधी असं व्हायचं, म्हणून मी तिकडं फोन करून सांगितलं आणि विसरले.

त्यातून झालं असं की बेंबळीची माणसं खूश झाली. नवरीची मावशी अल्बमची पानं उलटताना म्हणाली, "लई उजळ आलीय की पोरगी." आपल्याकडं उजळ म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. पुढच्या लग्नाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. मला वाटलं, माझा हात बसला. आता मी नुसती पानं मांडणारी राहिले नाही, काकांचे फोटो सुधारणारी झाले. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात ते होतं, आणि आज लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

दोन-तीन महिन्यांनी मी काकांना म्हणाले, "काका, फोटो जरा डार्क येतायत."

ते लेन्स पुसत होते. "कुठले?"

"सगळेच. बेंबळीचे, परवाचे किल्ल्यातले, सगळे."

"कॅमेऱ्यात तर बराबर दिसत्यात."

"कॅमेऱ्याची स्क्रीन एवढीशी. तिच्यावर काय कळतंय? इथं मोठ्यावर येऊन बघा की."

ते उठून आले. माझ्या खुर्चीमागं उभं राहून त्यांनी वाकून बघितलं. किल्ल्यातला फोटो होता, पाण्याच्या कडेला उभं असलेलं जोडपं. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. दाबलंय जरा." आणि आपल्या जागेवर जाऊन परत लेन्स पुसायला लागले.

त्या दिवसापासून ते जास्त उजेड घ्यायला लागले. लग्न झालं की कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या हातात देताना विचारायचे, "आता कसं वाटतंय बघ." मी उघडून बघायची आणि म्हणायची, "बरं आहे, पण अजून थोडं चालेल." असं मी एकदा नाही, तीनदा तरी म्हटलं. ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं कुणाला विचारून फोटो काढला नव्हता, तो आता माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मला ते आवडत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. कमी उजेडातला फोटो नंतर कॉम्प्युटरवर उजळता येतो. पण फोटो काढतानाच उजेड फार जास्त झाला, तर त्यातल्या पांढऱ्या जागा जळतात. धोतराच्या घड्या, फेट्याच्या निऱ्या, सगळं एक कोरी जागा होऊन बसतं. तिथं आत काही उरलेलंच नसतं, मग उजेड कितीही कमी केला तरी काय परत येणार? हे मला काकांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

पुढच्या सराईत सीमेकडच्या एका गावातलं लिंगायत लग्न आलं. घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी माणसं. नवरीचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या. काकांनी त्यांचा एकट्याचाही फोटो काढला, खुर्चीत बसवून, नात मागं उभी. अल्बम गेला, पसंत पडला. पाच-सहा महिन्यांनी ते आजोबा वारले, आणि त्यांचा मुलगा आमच्याकडं आला. त्याला तोच खुर्चीतला फोटो मोठा करून, चौकट बसवून हवा होता.

मी फोटो उघडला आणि मोठा केला. काका बाजूलाच बसलेले होते. आजोबांचं कपाळ कोरं होतं. विभूती तर नव्हतीच, पण कपाळाची एक सुरकुतीसुद्धा नव्हती. अल्बमच्या पानावर तो चेहरा लहान होता, तिथं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "आमचे अप्पा विभूती लावल्याबिगर कधी उंबऱ्याभायेर पडले न्हाईत."

मी म्हणाले, "लावलेली होती. फोटोत आली नाही. मी घालून देते, तुम्ही थोडा वेळ बसा." त्याच्यासाठी चहा मागवला आणि मी कॉम्प्युटरवर तीन पट्ट्या काढल्या. बारीक काम केलं, राखेचा दाणासुद्धा दाखवला. तो उठून माझ्या शेजारी आला. स्क्रीनकडं वाकून बघितलं.

"ह्या सरळ झाल्यात बाई," तो म्हणाला. "अप्पांचा हात कापायचा. त्यांच्या पट्ट्या कधी सरळ नसायच्या."

मी म्हणाले, वाकड्या करून देते. तो म्हणाला, राहू द्या. घरात एक जुना ओळखपत्राचा फोटो आहे, तोच मोठा करू. तो रागावला असता तर बरं झालं असतं. काका उठून उभे राहिले आणि त्याला हात जोडून म्हणाले, "माझी चूक हाय. उजेड मापायला चुकलो मी. डोळं पयल्यासारखं राहिलं न्हाईत."

मी खाली मान घालून बसले होते. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला अपराधी वाटत नव्हतं. मला काकांची दया येत होती. माझी पक्की समजूत होती की त्यांची नजर गेली. तो माणूस गेल्यावर मी त्यांना म्हणाले, "काका, एकदा डोळे दाखवून या सोलापूरला." हे वाक्य मला आता शब्दनशब्द आठवतं, आणि मी ते किती मायेनं म्हटलं होतं तेही आठवतं.

ते म्हणाले, "दाखवतो."

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी त्यांनी कॅमेऱ्याची बॅग आणून माझ्या टेबलावर ठेवली. "हितनं पुढं तू काढ." मी नको नको म्हणाले, पण फार वेळ नाही. ते मुलाच्या खताच्या दुकानात बसायला लागले, आणि स्टुडिओची किल्ली माझ्याकडं आली. सुरुवातीला ते येता-जाता डोकावायचे. पुढं तेही कमी झालं. मी लग्नं काढायला लागले. जमेल तसं काढत होते, बिघडलेलं लॅपटॉपवर सावरत होते, आणि लोक उजळ आलं म्हणत होते.

वर्षभरानं एका घाईच्या दिवशी लॅपटॉप माझ्या हातून निसटला. स्क्रीन वाचली, पण चौकट दोन ठिकाणी तडकली आणि एका बाजूनं उघडी पडली. सोलापूरला दुरुस्तीवाल्याकडं नेला. शांत माणूस होता, माझ्याच वयाचा, दुकानात जुन्या मशिनींचे सांगाडे रचून ठेवलेले. तो म्हणाला, "पांढरी फ्रेम मिळायला वेळ लागंल. ह्याच मॉडेलचा एक भंगारातला हाय, त्याची काळी बसवून देऊ का?" मी म्हणाले, बसवा. सराई चालू होती.

तासाभरानं त्यानं लॅपटॉप चालू करून माझ्यापुढं ठेवला. मी तपासायला म्हणून एक फोटो उघडला आणि मला तो केवढा तरी उजळ दिसला. रंग धुतल्यासारखे. मी विचारलं, "स्क्रीनपण बदलली काय तुम्ही?"

"न्हाय. फक्त फ्रेम."

"मग उजेड वाढवलाय का?"

"हात लावला न्हाय मॅडम. फ्रेम बदलली की असं वाटतंय. लई गिऱ्हाईकं विचारत्यात." त्यानं टेबलावरच्या बिलबुकातला एक कोरा कागद फाडला, त्याच्या चार पट्ट्या केल्या आणि स्क्रीनच्या चारी कडांना काळ्या चौकटीवर धरल्या. दोन मी धरल्या, दोन त्यानं. माझ्या डोळ्यांसमोर फोटो मंद झाला. त्यानं पट्ट्या काढल्या, फोटो उजळला. परत धरल्या, परत मंद. फोटो तोच, स्क्रीन तीच, उजेडही तेवढाच होता.

"भोवती पांढरं असलं की मधलं काळवंडल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. "तुमी उन्हाजवळ बसता का?"

"काचेला लागून."

"मग झालंच की. पांढरी फ्रेम ऊन घेऊन स्क्रीनपेक्षा जास्त चमकत असंल. तुमचं फोटोचं काम हाय का? मग काळीच बरी." एवढं बोलून तो दुसऱ्या मशिनीकडं वळला. त्याच्या लेखी ती रोजची गोष्ट होती.

मी एसटीत बसून परत आले. मांडीवर लॅपटॉपची बॅग होती. तांदूळवाडी गेलं, इटकळ गेलं, मला काही दिसलं नाही. स्टुडिओत आल्यावर मी बाहेरचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बेंबळीच्या लग्नाचे मूळ फोटो उघडले. काकांनी काढलेले, मी हात लावायच्या आधीचे. ते बरोबर होते. एकही दबलेला नव्हता. शालूचा रंग शालूचा होता, चेहरे चेहऱ्यांच्या रंगाचे होते. किल्ल्यातल्या फोटोंतही जोडपं, पाणी, मागची भिंत, सगळं जिथल्या तिथं होतं. मग मी पुढची लग्नं उघडली. माझ्या सांगण्यावरून काकांनी उजेड वाढवत नेला, तो महिन्या-महिन्यानं दिसत गेला. शेवटी ती खुर्ची आणि ते कोरं कपाळ आलं. ते मी लगेच बंद केलं.

त्या दिवशी संध्याकाळीच काकांकडं जायला हवं होतं. खताचं दुकान स्टुडिओपासून चालत पाच मिनिटांवर. मी गेले नाही. आधी म्हटलं सराई संपू दे. मग घरी सासूबाई आजारी पडल्या. मग म्हटलं, आता सांगून त्यांना काय मिळणार, उलट त्रास होईल. ही सगळी कारणं खरी होती, आणि त्यांतलं एकही खरं कारण नव्हतं. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. असे चार महिने गेले.

मधल्या काळात मी सुरुवातीच्या लग्नांचे फोटो, जे जळलेले नव्हते, पुन्हा मुळापासून केले. तीन-चार घरांना फोन करून म्हटलं, अल्बम परत छापून देते, माझ्याकडून रंग चुकला होता. बेंबळीच्या मावशी म्हणाल्या, "कशाला? चांगलाच हाय की. पोरगी गोरी दिसतीय, तिच्या सासरच्यांनापण आवडलाय." दुसऱ्या घरी कुणी फोन उचलला नाही. कुणालाच नको होता. शेवटी मी त्यातले वीसेक फोटो कागदावर काढून घेतले आणि एका रविवारी काकांच्या घरी गेले.

ते ओसरीवर बसले होते. काकूंनी पाणी दिलं. मी फोटो त्यांच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं. पांढरी चौकट, काच, दुरुस्तीवाल्यानं धरलेल्या कागदाच्या पट्ट्या. मधे थांबले नाही, थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. ते एकेक फोटो बघत ऐकत होते.

"मजी हे पयल्यापासून असंच होतं?" त्यांनी विचारलं.

"होय काका. तुमचे फोटो बरोबर होते. माझंच चुकलं."

"मीबी बघितलं होतं की त्याच्यावर. मलाबी दाबल्यावाणी दिसलं होतं."

"त्याच चौकटीतून बघितलं ना तुम्ही. मीच बोलावलं होतं."

त्यांनी पुढचा फोटो वर घेतला. मी विचारलं, "डोळे दाखवले होते का तुम्ही?"

"दाखवलं की. तू म्हणालीस त्याच आठवड्यात. डॉक्टर म्हणला, ह्या वयाला एवढी चांगली नजर कमी बघितली. चष्मापण बदलला न्हाय."

मी म्हणाले, "मग तुम्ही मला सांगितलं का नाही? कॅमेरा का सोडला?"

ते हातातल्या फोटोकडं बघत म्हणाले, "डॉक्टरनं एकदा बघितलं. तू रोज बघायचीस. मला वाटलं, अक्षरं वाचता येत असतील, पण उजेड कळत नसंल आता. तू खोटं कशाला बोलशील."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना जे वाटलं होतं, ते त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, "काका, परत या. पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत. मी हातात कॅमेरा घेणार नाही."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "न्हाय पोरी. मधी पुतणीच्या लग्नात एक-दोन काढून बघितलं मी. आकडा लावला की मागनं शंका येतीय. परत बदलतो, परत शंका. तवर वरमाला घालून होतीय. पयलं इचार करावा लागत नव्हता, म्हणून जमत होतं. आता इचार सुरू झाला, ते कसं थांबवायचं?"

मी दोन-तीनदा आग्रह केला. ते हसून विषय बदलत राहिले. फोटोंतले दोन त्यांनी ठेवून घेतले, बाकीचे परत दिले. रागावले नाहीत. काकूंनी जेवायला थांबवलं, मी जेवले.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "तू येत जा. ते तुझी वाट बघत असत्यात. पण पोरी, ते फोटोचं आता काढू नकोस. लई दिवसांनी दुकानात मन रमायला लागलंय त्यांचं."

मी हो म्हणाले. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी जाते. सोयाबीनला भाव काय चाललाय, बोरी नदीला पाणी किती आलंय, नातीचा अभ्यास कसा आहे, असं आम्ही बोलतो. काका मला चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. मी कुठलं लग्न काढून आले, ते त्यांनी एकदाही विचारलेलं नाही, आणि मीही सांगत नाही.